चीन, पुणं आणि हिवरखेडचं पेव

सातवीच्या मुलींना मी वर्षानुवर्षं वऱ्हाड शिकवत आले. काळी कसदार जमीन, मुख्य पीक कापूस, उन्हाळा कडक. एवढं फळ्यावर लिहिलं की वऱ्हाड संपलं, पुढं मराठवाडा. स्वतः मी भुसावळच्या पलीकडं कधी गेले नव्हते आणि जायची गरजही वाटली नव्हती. पण माझ्या एकुलत्या एका मुलीनं, सुधानं, बी.एस्सी. झाल्या झाल्या पुण्याच्या शेती कॉलेजात शिकायला आलेल्या हिवरखेडच्या श्रीधरशी लग्न ठरवलं आणि ती थेट माझ्या फळ्यावर राहायला गेली. आता बोला!

तरी गेल्या हिवाळ्यातला हा प्रवास मी हौसेनं केलेला नाही. तो मला चीननं करायला लावला.

झालं असं. सुधाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे पुण्यात काय आणि वऱ्हाडात काय, सारखंच. मी डिंक, खारीक, जुन्या लुगड्यांची दुपटी अशी जय्यत तयारी करून बसले होते. दिवाळीला जावई आले ते एकटेच. फराळ झाला, आणि मग खाली मान घालून म्हणाले, "आई, बाबा म्हणतात सुधाला पुण्याला पाठवायचं नाही."

"का हो? आमचं काय चुकलं?"

"तुमचं नाही. चीनचं. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी अणुबाँब फोडला ना. बाबा म्हणतात, पुण्यात पलटणी आहेत, टाकला तर तो पुण्यावर आधी टाकेल. हिवरखेडावर कोण टाकतो?"

आमच्या ह्यांच्या हातातली करंजी बशीत पडली. दोन वर्षांपूर्वी लढाईच्या वेळी चीननं आमच्याकडून दोन सोन्याच्या बांगड्या घेतल्याच होत्या, म्हणजे आम्ही त्या संरक्षण निधीला दिल्या होत्या. आता त्याला माझ्या मुलीचं बाळंतपणही हवं होतं! मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "मी येते आणि तिला घेऊन जाते. बघू तुमचे बाबा मोठे की मी."

अमरावती

हिवरखेडसाठी अकोल्याला उतरायचं सोडून मी तशीच पुढं अमरावतीला गेले, कारण तिथं माझा मावसभाऊ नाना वकिली करतो. सुधाच्या लग्नात मध्यस्थी त्यानंच केली होती. तेव्हा हे घोंगडं त्याच्याच गळ्यात टाकावं, असा माझा बेत होता.

नानाच्या अंगणात एक खड्डा होता. लढाईच्या वेळी हौसेनं खणलेला खंदक तो. आता त्यात वहिनींनी अळू लावलं होतं आणि ते असं माजलं होतं की चीन आला असता तर आधी त्याच्या घशाला खाज सुटली असती. रात्रीच्या जेवणात त्याचीच भाजी होती. नाना म्हणाला, "नवा बाँब आला म्हणून नवा खंदक खणावा म्हणतो, तर ही म्हणते, खणा, कोथिंबिरीला जागा हवीच आहे."

मी माझं काम काढलं. नाना ऐकून खूप हसला, पण बरोबर यायला मात्र तयार होईना.

"तुझ्या व्याह्यांपुढं, तुळशीरामजींपुढं, माझी वकिली चालत नाही, ताई. त्या माणसाला मी कधी कशाला भ्यालेला बघितलेला नाही. रझाकारांच्या दंगलीच्या दिवसांत हा गडी एकटा मराठवाड्यात जाऊन बैल विकत घेऊन आला. तो चीनला भितो, हेच मला नवल वाटतं."

"म्हातारपण असेल."

"असेल. पण तुझं ते पुणेरी टोचून बोलणं जरा आवर. तिकडची माणसं तोंडावर फटकन बोलतात, पण आडून बोललेलं त्यांना लागतं."

मी हो म्हटलं. आवरणं काही माझ्या स्वभावात नाही, हे नानालाही ठाऊक होतंच.

अकोटचा रस्ता

दुसऱ्या दिवशी दर्यापूरवरून अकोटला जाणारी एस.टी. धरली. पुस्तकातली काळी जमीन पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली आणि माझा फळाच मला खोटा वाटायला लागला. इतकी काळी, इतकी सपाट, की एकही डोंगर मध्ये येत नाही आणि बघणाऱ्याला डोळे कुठं टेकवावेत ते कळत नाही. दोन्ही बाजूंना कापूस पांढराशुभ्र. बायका ओटीत वेचत होत्या.

शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ होते. त्यांनी आपण होऊन मला संत्रं सोलून दिलं. ("वरूडचं हाय बाई, खाऊन पाहा, पैसे मांगत नाही.") मला वाटलं, इकडच्या लोकांचं मन चाचपून घ्यावं. मी विचारलं, "काय हो, तो फुटला ना, त्याचं इकडं काय म्हणतात लोक?"

"काय म्हनतीन! खुश हायेत."

"खूश?"

"मंग? यंदा लय चांगला फुटला. मांगच्या साली बोंडंच उघडली नाही. आता फुटला तं वेचाले मानसं भेटत नाही."

मी म्हटलं, "अहो कापूस नव्हे, बाँब! चीनचा!"

त्यांनी माझ्याकडं अशा दयेनं पाहिलं की बस्स. "थो व्हय! थो तिकडं फुटला. आपल्याले काय वेचाचा हाय तो?" आणि हे त्यांनी मागच्या बाकावरच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. अकोट येईपर्यंत सगळी गाडी हसत होती. उतरताना कंडक्टरसुद्धा म्हणाला, "बाई, संभाळून उतरा, फुटसान." मलाही हसू आलं, काय करणार!

हिवरखेड

तुळशीरामजी पाटावर बसवायच्या आधीच म्हणाले, "या ईनबाई. वायल्या नाही बरं, चांगल्या जाड हा. कधी जाता?"

आमच्याकडं विहीण वाळली की जाडावली आणि कधी जाणार, हे सगळं मनात ठेवून चहा देतात. पुढं कळलं की 'कधी जाता' याचा अर्थ 'किती दिवसांचे रोडगे करायचे' एवढाच असतो. उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, आवाज विहिरीतून यावा तसा. विहीणबाई ठेंगण्या, हसऱ्या, दिवसभर पदर खोचलेला.

सुधा दाराआडून आली. भरलं पोट, पण तोंड उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. मला पाहून हसली आणि लगेच पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. मी मनात म्हटलं, या घरात पोरीचे हाल आहेत.

हाल म्हणावेत तर तसं काही दिसेना. सासू तिला वाकू देत नव्हती. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, हसतमुख तरुण मुलगी, दर आठवड्याला घरी येऊन तपासून जायच्या. त्याच मला म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे, आत्ता प्रवास करायला हरकत नाही. झोप तेवढी कमी होती, आताशा तीही बरी लागते."

दुपारी वाड्यात गोवऱ्यांचा जाळ करून रोडगे भाजले. कणकेचा गोळा निखाऱ्यात पुरायचा, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचा आणि वरणाबरोबर, वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. पहिला रोडगा मी पुणेरी दातांनी चावायला गेले आणि दाढ हलली. भाजीत गूळ नाही, साखर नाही. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी. विहीणबाई काळजीनं म्हणाल्या, "काहून रडून राहिल्या जी? लेकीची याद आली का?" लेक समोरच बसली होती.

पाणी पिऊन मी मुद्द्यावर आले. "तुळशीरामजी, सुधाला मी न्यायला आले आहे."

"मालूम हाय. पन नाही पाठवत."

"चीनमुळं?"

"चीनमुयं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पुन्यात काय हाय? पलटनी. इथं काय हाय? चार ढोरं अन् एक मारुती. तो कायले टाकन इथं? अन् टाकलाच, तं मी पेव मोकयं केलं हाय. सूनबाई अन् लेकरू आंत बसतीन."

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेलं, माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट. त्यात ज्वारी भरून तोंड चिखलानं बंद केलं की वर्षानुवर्षं टिकते. या गृहस्थांनी दिवाळीत भरलं पेव उपसून ज्वारी बाजारात नेली होती आणि सगळं गाव त्यांना हसत होतं. पारावर बसलेले लोक त्यांना बघून आभाळाकडं बोट दाखवत, "तुयशीरामजी, आला पाहा!" विहीणबाईसुद्धा म्हणत, "यायले म्हातारचय लागला."

मग मी कशी मागं राहीन? रोज जेवताना माझं सुरू. "तुळशीरामजी, आज आभाळ ढगाळ आहे, चीनला गाव दिसायचं नाही, निवांत जेवा." "तुळशीरामजी, ती घार होती हो, घाबरू नका." "एवढा मोठा पुरुष, मिशा अशा, आणि घुशीसारखा बिळात शिरायला निघालाय!" ते ऐकून घेत. एकदाही चिडले नाहीत, उलट म्हणायचे, "भेलो बाप्पा. मानूस भेते कधी कधी." मी बोलायला लागले की सुधा मात्र ताट उचलून आत जायची. मला वाटायचं, सासऱ्याचा अपमान तिला आवडत नाही; सासरची झाली हो पोर!

पेव

एका सकाळी मी हट्टच धरला. "दाखवा तरी तुमचं ते पेव. मी स्वतः उतरून बघते. माझ्या नातवाला कुठं ठेवणार आहात ते मला बघायला नको?"

तुळशीरामजी पहिल्यांदाच गडबडले. "आज नको, ईनबाई."

"का?"

"ढोरायले पानी दाखवाचं हाय."

"ढोरं काय पळून जाताहेत? उघडायला भिता की काय?"

अंगणात गडीमाणसं होती, ती फिदीफिदी हसली. सुधाही ओट्यावर येऊन उभी राहिली. सासऱ्यांना म्हणाली, "दाखवा ना, मामाजी. मीही पाहिलेलं नाही."

आता त्यांना पळता येईना. गोठ्यामागं जाऊन त्यांनी शिळा सरकवली. आंबूस, उबट असा वास आला की मी दोन पावलं मागं झाले. मी पदर खोचून पुढं सरले, तर त्यांनी हात आडवा धरला. "असं उतरत नसतात. पयले दिवा सोडा लागते." वऱ्हाडातली ही रीतच. दिवा जळत राहिला तर माणूस उतरायचा.

कंदील पेटवून दोरीनं खाली सोडला. थोडा खाली गेला, ज्योत लाल झाली, बारीक झाली आणि फक् करून विझली.

मला तर काय, आयतंच मिळालं! टाळी वाजवून म्हटलं, "वा! म्हणजे चीनला बाँबचा खर्चच नको. तुमचं पेवच आधी उरकणार!"

गडी खो खो हसले. तुळशीरामजी हसले नाहीत. ते सुधाकडं बघत होते.

सुधा पांढरीफटक पडली होती. "मामाजी, दिवा विझला."

"हवा खराब झाली, माय. चार दिस उघडं ठेवलं की होते साफ."

"पण आत बसून तोंड बंद केलं की पुन्हा तसंच होणार."

ते विझलेला कंदील वर ओढायला लागले.

"म्हणजे यात बसताच येत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"मालूम होतं," ते खाली बघून म्हणाले.

मी विजयानं म्हटलं, "बघ! आता तरी—"

"आई, तू गप्प बस!" सुधा ओरडली. जन्मात माझ्यावर आवाज चढवला नव्हता तिनं. "मामाजींना नाही भीती वाटत. मला वाटते. मीच सांगितलं होतं मला पुण्याला जायचं नाही. तू रोज ज्या भीतीला हसते आहेस ना, ती माझी आहे." आणि ती तिथंच गोठ्याच्या भिंतीला टेकून रडायला लागली.

गडी मुकाट पांगले. विहीणबाईंनी तिला जवळ घेऊन घरात नेलं. मी कंदिलाची दोरी बघत उभी राहिले. तुळशीरामजी ती गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पेपरात आलं तवापासून पोट्टी झोपतच नव्हती, ईनबाई. रातभर टकटक पाहात राहे. मी म्हनलं, पेव उघडतो, तुले अन् लेकराले कोनी हात लावू शकत नाही. तं झोपली. मंग मले आखीन काय पाह्यजे होतं?"

"आणि सगळं गाव तुम्हाला हसलं."

"हासू द्या. मी म्हातारा. दोन जिवाच्या पोरीले हासू देऊ का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे मात्र लिहून ठेवते.

संध्याकाळी सुधाला ओट्यावर घेऊन बसले. तिचे केस विंचरताना तिनं हळूहळू सांगितलं. बाँब इथं पडायलाच हवा असं नाही, म्हणाली. तिकडं दूर फुटला तरी त्याची धूळ वर जाते, वाऱ्याबरोबर येते, गवतावर बसते. गवत गाय खाते, ते दुधात उतरतं आणि मुलांच्या हाडांत जाऊन बसतं. "तूच शिकवलंस ना आई, वारे कुठून कुठं जातात ते? आणि मी आता मूल आणतेय. कशात आणतेय?"

मी म्हणणार होते, मध्ये हिमालय आहे. पण वाऱ्यांचे बाण फळ्यावर काढताना मीच ते डोंगरावरून पलीकडं नेत आले आहे. गोठ्यात गाय उभी होती आणि विहीणबाई धार काढत होत्या. मलाही भीती वाटली. खरीखुरी. मी तिला तसं सांगितलं आणि वेणी घातली. एवढंच मला करता आलं.

तीन-चार दिवसांनी खळ्यावर नव्या ज्वारीची रास पडली. हुरड्याचे दिवस संपत आले होते; शेवटची कणसं भाजून आम्ही सगळे तिथंच खात होतो. तुळशीरामजी सुधाजवळ येऊन उकिडवे बसले.

"सूनबाई, पेव तसंच मोकयं ठेवू का ज्वारी भरू? तू म्हनशीन तसं."

"मोकळं ठेवून काय उपयोग, मामाजी?"

"उपेग नसन. पन तुले बरं वाटत असन तं ठेवतो. ज्वारी काय, बाजारात जाईन."

सुधानं ओंजळभर दाणे घेतले. "भरलं तर पुन्हा कधी उघडायचं?"

"तीन सालं काही होत नाही. पोट्टं चालून येईन अन् भाकर मांगन, तवा उघडू."

तिनं ओंजळीतले दाणे हळूहळू राशीवर परत सोडले. मी तोंडात हुरडा असूनही चावायची थांबले होते.

"भरा," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आई, मी पुण्याला येते. भीती काय, इथंही आहे नि तिथंही आहे. मग तुझ्याजवळ तरी असते."

खोटं कशाला बोलू, मी तिथं खळ्यावरच रडले. विहीणबाई या खेपेला काही म्हणाल्या नाहीत, त्याही रडत होत्या.

अकोला स्टेशन

निघायच्या आदल्या दिवशी पेव भरून, कडुनिंबाचा पाला घालून, तोंड लिंपून झालं. श्रीधर अकोल्यात एका कचेरीत नोकरीला होता; त्याला रजा मिळाली नाही. तो परस्पर स्टेशनवर आला. तुळशीरामजी हिवरखेडहून अकोटच्या आणि अकोटहून अकोल्याच्या एस.टी.त आमच्याबरोबर होते. वाटभर त्यांनी मला सोडलं नाही. "ईनबाई, तिकडं वाटीभर भात अन् चमचाभर वरन नका देऊ माह्या सुनेले." "ईनबाई, पोट्ट्याले पयले 'काहून' म्हनाले शिकवजा, मंग 'कशासाठी'." मी म्हटलं, "तुमचा नातू शुद्ध बोलेल." ते म्हणाले, "मंग त्याले इथं कोन वळखन?"

गाडी लागली. सुधा खिडकीशी बसली, नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती. मी दारात उभी होते. शिट्टी झाली तसे तुळशीरामजी माझ्याजवळ आले. चेहऱ्यावरची थट्टा पार गेली होती. त्यांनी दाराची दांडी धरली.

"ईनबाई, तुमी भूगोल शिकवता. तुमाले मालूम असन. पुन्यावर नाही ना टाकन तो?"

मी त्यांच्याकडं बघितलं. कशालाही न भ्यालेला माणूस खरोखर विचारत होता.

"नाही टाकणार," मी म्हटलं.

"नक्की?"

"अगदी नक्की. पुस्तकात आहे तसं."

त्यांनी मान हलवली आणि दांडी सोडली. गाडी हलली. ते फलाटावर आमच्याबरोबर थोडं चालले, मग मागं राहिले.

मी जागेवर येऊन बसले. सुधा माझ्याकडंच बघत होती.

"आई, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"आहे एका," मी तिचं डोकं मांडीवर घेत म्हटलं. "तू झोप."